मोहरीचे मंडळ

मुलांनो, जाहिराती लिहिणे हे दुकानदाराचे काम. साहित्यिकाला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. तरुणपणी मलाही तसेच वाटे. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेचा वृत्तान्त वाचला आणि माझे मत पालटले.

ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या सेयर्सबाई 1922 साली लंडनमधील बेन्सन या जाहिरात-संस्थेत नोकरीस लागल्या. 1926 मध्ये संस्थेने कोलमन कंपनीच्या मोहरीसाठी एक काल्पनिक ‘मोहरी-मंडळ’ काढले. त्याच्या लेखनात बाईंचा मोठा वाटा होता. मोहरी ती काय, ताटात तोंडी लावायची वस्तू! पण या मंडळात नाना तऱ्हेची पात्रे होती. एकीचे नाव ‘मिस डाय जेस्टर’. इंग्रजीत ‘डायजेस्ट’ म्हणजे पचवणे. गंमत कळली ना?

वर्तमानपत्र चाळणारा मनुष्य घाईत असतो. पहिल्याच ओळीत त्याला थांबवावे लागते आणि जागेचे पैसे पडत असल्याने पाल्हाळ परवडत नाही. हीच शिस्त रहस्यकथेलाही हवी. बाईंनी त्याच काळात रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. 1933 च्या एका कादंबरीत तर त्यांनी जाहिरात-कचेरीच रंगवली. तेथील अर्धसत्यांना चिमटे काढण्यासही त्या विसरल्या नाहीत.

आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याने हस्तलिखिताची सूचना लिहिली : ‘अतिशय सुंदर, अप्रतिम अंक!’ कोणी फिरकले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फलकावर लिहिले : ‘विहिरीत पडलेले वासरू वर कसे आले? पाहा, पान 7.’ मधल्या सुटीत रांग लागली. पान 7 वर ती हकीकत खरोखरच होती.