गाडी थांबवायची की नाही?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठीत शेवटचं काही लिहिलं ते दहावीत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. तरी हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्याशी माझं बोलणं मराठीतच झालं.

मी डहाणूची. गेल्या सुट्टीत चार आठवडे इनप्लांट ट्रेनिंग केलं. कंपनी गुजरातच्या हद्दीत, म्हणून कासाला मामाकडे राहत होते आणि रोज चारोटीहून स्टाफ बस पकडत होते. तलासरी, अच्छाड चेकपोस्ट, भिलाड हा रस्ता पाठ झाला. जूनमधल्या एका संध्याकाळी परत येताना पाऊस लागला होता. अच्छाड सोडून तलासरीकडे येताना डिव्हायडरला लागून एक मोटरसायकल पडलेली दिसली. शेजारी एक माणूस पालथा आणि दुसरा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. आमची बस हळू झाली. मग पुन्हा वेग घेतला आणि पुढे निघून गेली. बसमध्ये तीसेक माणसं होती. "कोणीतरी फोन केला असेल" असं मागून एक जण म्हणाला. माझ्या हातात मोबाइल होता, चार्ज होता, रेंजसुद्धा होती... मी फोन केला नाही!

रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर काकांना विचारलं, थोडं रागानेच. ते म्हणाले, "अगं पोरी, एकदा थांबवली होती गाडी. दहा-बारा वर्षं झाली. दुसरी कंपनी होती. एकाला उचलून दवाखान्यात नेलं. रात्रभर बसवून ठेवलं, तूच ठोकलं असशील म्हणून. दुसऱ्या दिवशी कंपनीने खाडा मांडला आणि सीटचं रक्त मीच धुतलं. आता ऑर्डर आहे, मध्ये कुठे थांबायचं नाही. थांबलो आणि नोकरी गेली तर तू देशील का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ट्रेनिंग संपल्यावर लायब्ररीत आणि इंटरनेटवर बसून थोडा अभ्यास केला. प्रश्न असा, की कामावर असलेल्या माणसाने समोर अपघात, मारामारी, चोरी किंवा आग दिसली तर मध्ये पडावं का? त्याची 'ड्युटी' नक्की कुठे संपते?

आधी कायदा बघू. आपल्याकडे साध्या माणसाने अनोळखी माणसाला वाचवलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. जर्मनीत आहे. तिथे शक्य असून मदत केली नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे सक्ती नाही, पण मदत करणाऱ्याला संरक्षण मात्र मिळालंय. ३० मार्च २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. नंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने, बक्षिसाची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती करू शकत नाहीत आणि हॉस्पिटलही त्याला अडकवून ठेवू शकत नाही. गंभीर जखमीला 'गोल्डन अवर'मध्ये, म्हणजे पहिल्या तासात, हॉस्पिटलला पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचं बक्षीस सुरू केलं. २०२५ मध्ये ते २५,००० झालं.

म्हणजे काकांवर तेव्हा जे गुदरलं, ते आज कायद्याने होऊ नये. मला फार आनंद झाला. पण नीट वाचल्यावर लक्षात आलं की हे संरक्षण पोलीस, कोर्ट आणि हॉस्पिटल यांच्यापासून आहे. कंपनीपासून नाही! खाडा मांडू नये, मेमो देऊ नये, असं कलम १३४-ए मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात भरपाई मिळते ती कामातून आणि कामाच्या ओघात झालेल्या इजेसाठी. परक्या माणसाला उचलताना मागून ट्रकने उडवलं, तर ते 'काम' होतं का यावर वाद घालायला मालकाचा वकील मोकळा. काकांना कलमं माहीत नव्हती, पण भीती कुठल्या बाजूने आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

याच हायवेवर, चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते आणि जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर सीटबेल्टची चर्चा झाली, ती योग्यच. पण आमच्या भागातल्या लोकांना माहीत आहे की अशा वेळी आधी पोहोचतात ते पंक्चरवाले, ढाबेवाले, टोलनाक्यावरची पोरं, म्हणजे कामावरचीच माणसं. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात कॉलेजच्या मुलामुलींची बोट उलटली, तेव्हाही मच्छीमारांच्या बोटी मदतीला धावल्या. तीन मुली गेल्या, बाकीच्यांना बाहेर काढता आलं. त्या दिवशीचं जाळं टाकायचं काम बुडालं, याचा हिशेब कोणी मागितला नसेल. मच्छीमार आपल्या बोटीचा आपणच मालक, हा फरक इथे महत्त्वाचा वाटतो.

आता अवघड भाग. डहाणू म्हटलं की बाहेरचे विद्यार्थी मला चिकूबद्दल विचारायचे. २०२० पासून गडचिंचलेबद्दल विचारतात. मी तेव्हा नववीत होते, लॉकडाऊन होता, परीक्षा रद्द झाली म्हणून खूश होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू, कल्पवृक्षगिरी महाराज आणि सुशीलगिरी महाराज, आणि त्यांचा ड्रायव्हर नीलेश तेलगडे यांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारे, चोर आले अशा अफवा त्या दिवसांत गावोगावी होत्या. वनखात्याच्या नाक्याशी गाडी अडवली गेली. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला थोपवायचा प्रयत्न केला, असं त्यांनी नंतर सांगितलं. कासा स्टेशनचे पोलीस आले, पण जमावापुढे ते फारच थोडे होते आणि त्यांच्यावर व त्यांच्या गाड्यांवरही हल्ला झाला.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. म्हातारे महाराज पोलिसाचा हात धरून चौकीतून बाहेर येतात आणि तो हात सुटतो. मी तो एकदाच पाहिला, पुन्हा बघवला नाही.

इथे 'मध्ये पडावं का' हा प्रश्नच नाही. बसच्या ड्रायव्हरचं काम बस चालवणं आणि पोलिसाचं काम मध्ये पडणं. त्या वेळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ मध्ये पोलिसाने दखलपात्र गुन्हा आपल्या कुवतीप्रमाणे रोखलाच पाहिजे, असं होतं. 'कुवतीप्रमाणे' हा शब्द मी चार वेळा वाचला. चार-पाच माणसं आणि समोर शेकडोंचा जमाव, यात कुवत किती? माझा मामा म्हणतो, "तिथे उभं राहून बघ म्हणजे कळेल." ते मला पटतं. तरीही, जमाव आवरण्याची कुवत नसेल, पण धरलेला हात धरून ठेवण्याची कुवत वेगळी असते. ऑगस्ट २०२० मध्ये तिघा पोलिसांना नोकरीतून बडतर्फ करण्यात आलं. कुमक वेळेवर का पोहोचली नाही, अफवांचे दिवस असताना नाक्यांवर इतकी कमी माणसं का होती, हे प्रश्न मात्र खालच्या शिपायाला विचारून काय उपयोग? मला वाटतं की एकट्या कर्मचाऱ्याच्या हिमतीवर भरवसा ठेवणारी व्यवस्था आधीच नापास झालेली असते.

हिमतीची उदाहरणं आहेतच. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर अंध आईच्या हातून निसटून मूल रुळावर पडलं, समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावत गेला, मुलाला वर ढकललं आणि स्वतः कसाबसा वर चढला. बक्षिसाच्या ५०,००० रुपयांतले निम्मे त्याने त्याच कुटुंबाला दिले. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी केबिनमधून प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते माइकवरून सांगितलं आणि सांगतच राहिले. केबिनवर गोळ्या झाडल्या गेल्या तरी. शेळकेची धाव आपल्याला सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही, मला तर नक्कीच नाही. झेंडेंचं मला जास्त विचार करायला लावतं. त्यांनी बंदूकवाल्याला पकडलं नाही. त्यांच्या नोकरीने त्यांच्या हातात माइक दिला होता, तो त्यांनी वापरला. आपले एसटीचे ड्रायव्हरही हेच करतात की! पाकीट मारलं गेलं किंवा कोणी मुलीची छेड काढली, की दरवाजा बंद आणि बस थेट पोलीस स्टेशनात.

इंजिनिअर मंडळींसाठी उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती आपल्या कामात येणार आहे. टाकी, गटार, रिअ‍ॅक्टर अशा बंद जागेत एक कामगार कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की अशा जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि नायट्रोजनला तर वासच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जवळच्या तारापूर एमआयडीसीत औषध कारखान्यात नायट्रोजनच्या गळतीने चार कामगार गेले. अशा ठिकाणी 'आत जाऊ नको' हा नियम भित्रेपणाचा नाही. बाहेर थांबून अलार्म वाजवायचा, हवेचा पुरवठा असलेला मास्क लावलेल्या टीमला बोलवायचं, कमरेला दोरी बांधलेली असेल तर ओढायचं. ट्रेनिंगमध्ये सेफ्टी ऑफिसर सरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. त्याच कंपनीच्या बसमध्ये अपघात दिसला तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. गेटच्या आतली सेफ्टी गेटबाहेर संपते.

हॉस्टेलचाही एक प्रसंग. गेल्या वर्षी मोबाइल चोरताना एक पोरगा पकडला गेला, आठवतंय ना? मुलांनी धुवायला सुरुवात केली. वॉचमन काकांनी त्याला आपल्या केबिनमध्ये कोंडलं आणि स्वतः दारात उभे राहिले. "तुम्ही चोराच्या बाजूने का?" म्हणून काही जण त्यांच्यावरच ओरडले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० वाचलं, तेव्हा कळलं की काकांचं बरोबर होतं. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर कोणीही माणसाला धरून ठेवू शकतो, पण उगाच उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरायचा हक्क आहे, मारायचा नाही. गडचिंचलेची चौकी आणि आपली वॉचमन केबिन यांत मला फार अंतर दिसत नाही, राग येणार असेल तर येऊ द्या.

आणि माझ्या न केलेल्या फोनचं काय? लातने आणि डार्ली या दोघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग छापला होता. शेजारच्या खोलीत कुणाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. आमच्या बसमध्ये तीस होते. मला नोकरी जायची भीती नव्हती, मी तर ट्रेनी! काकांकडे कारण होतं, माझ्याकडे नव्हतं. १०८ दाबायला बस थांबवावीही लागली नसती.

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणायला गेले तेव्हा कलम १३४-ए चा मराठी सारांश एका कागदावर लिहून नेला होता. अक्षर मोठं काढलं होतं. काकांनी बस धुता धुता तो वाचला, दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "हा सरकारचा कागद झाला. आता ऑफिसातून एक सहीचा आण, थांबला तर पगार कापणार नाही म्हणून."

मी ऑफिसात अर्ज दिलाय. एक प्रत सेफ्टी ऑफिसर सरांनाही दिली. अर्जात तीन गोष्टी मागितल्या आहेत: अपघात दिसला तर ड्रायव्हरला बस बाजूला घ्यायची परवानगी, त्या वेळेचा पूर्ण पगार आणि बसमध्ये फर्स्ट एड बॉक्स व १०८, ११२, १०३३ हे नंबर. पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.