गच्चीवरील विमान आणि नोंदवही

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे ठेवला. हाताचे काम किती दूर नेऊ शकते व त्यास कोणती शिस्त लागते, याचा प्रत्यय मुंबईतील एका विमानाने दिला. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. परंतु बांधून झालेले विमान उड्डाणयोग्य ठरतेच असे नाही. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी उड्डाण झाले.

हा कालावधी दीर्घ खरा. पण बिघडलेली मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते, विमानास आकाशात ती सोय नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी इंधनात पाणी उतरले आहे काय, सुकाणूच्या तारा व बोल्ट घट्ट आहेत काय, हे पाहावे लागते. जुन्या धाटणीच्या विमानाचे कापड उन्हाने जीर्ण होते, लाकूड ओलीने कुजते. प्रत्येक दुरुस्ती तारीख व सहीनिशी वहीत नोंदली जाते.

शाळेची कार्यशाळा असो वा ग्रामपंचायतीचे पंपघर, बांधणाऱ्या हातांना नोंद ठेवण्याची सवय लागली, तरच बांधलेले टिकते.