पाहुण्यांसमोर लाज आणतो!

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा कुत्रा पाहुण्यांना नको तिथे हुंगतो, पायांवर चढतो. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला वारकरी घरी येतात, तेव्हा तर मान खाली घालावी लागते.
– एक वाचक, यवत

उत्तर : जांघेतल्या घामग्रंथींच्या वासावरून कुत्रा माणूस ओळखतो, त्याच्या लेखी तो रामरामच! पायांवर चढणं म्हणजे दरवेळी कामवासना नसते, पुष्कळदा अतिउत्साह किंवा ताण असतो. त्यामुळे नसबंदीने हमखास थांबेलच असं नाही. हसू नका, ओरडूही नका. दोन्हींतून त्याला हवं ते लक्ष मिळतं. पाहुण्यांआधी फिरवून आणा, साखळी धरून ‘बस’ म्हणा, बसला की लगेच खाऊ द्या. पाहुण्यांच्या पानातल्या पिठल्याचा घास मात्र नको, त्यातला कांदा-लसूण त्याला बाधतो. सवय अचानक लागली असेल, तर आधी पशुवैद्यांकडून लघवी तपासून घ्या.