होडीचं इंजिन धापा टाकतं तेव्हा

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातली बरीच मंडळी मिशिगनच्या तळ्यांवर जातात. तिथल्या छोट्या होड्यांना मागच्या फळीवर बाहेरून इंजिन अडकवलेलं असतं. त्याला आउटबोर्ड म्हणतात. तळ्याच्या मध्यावर ते अडखळू लागलं तर?

आम्ही पेशाने संगणकवाले. प्रोग्रॅममधली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा आमचा नेम, आणि तो इथेही चालतो. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, पण फोनवर आजीला तसं सांगाल तर ती शेगडीकडे बघेल!)

आधी पेट्रोल पाहू, कारण घोटाळा बहुधा तिथेच असतो. टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक स्क्रू असतो. तो बंद राहिला की पेट्रोल ओढलं जात नाही आणि थोड्या वेळाने इंजिन बंद पडतं. टाकीपासून येणाऱ्या नळीवर रबरी फुगा असतो. इंजिन धापा टाकत असताना तो दाबून पाहा. लगेच सुधारलं, तर पेट्रोल कमी पोहोचतं आहे: नळीत हवा शिरत असेल किंवा पंप थकला असेल. फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला. दाबून काहीच फरक नाही, पण चोक थोडा ओढल्यावर नीट चालतं? मग कार्ब्युरेटरचं बारीक भोक बुजलं असणार. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाणी शोषतं. हिवाळाभर टाकीत पडलेलं पेट्रोल वापरायचं का, हे बाबांना जरूर विचारा.

ठिणगीचं काम मोठ्यांनी, इंजिन गार झाल्यावर करायचं. प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत. एक कोरडा आणि दुसरा पेट्रोलने ओला असेल, तर ओल्याच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही.

इंजिन ओरडतं पण होडी पुढे जात नाही? पंख्यातला रबरी गाभा घसरत असेल.

इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. ती थांबली तर इंजिन ताबडतोब बंद करायचं, कारण तेच पाणी त्याला गार ठेवतं. आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची ती लाल दोरी! माणूस पाण्यात पडला की ती सुटते आणि पंखा थांबतो. १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान ज्या होड्यांना ही सोय आहे, त्या वेगात चालवताना ती जोडणं अमेरिकेत कायद्याने सक्तीचं आहे.

पुढच्या वर्गासाठी: वल्हं, सुकाणू, नांगर आणि धक्का या शब्दांची वाक्यं लिहून आणा.