पाल्याचे आडनाव आणि बँकेतील खाते

विधवा मातेने पुनर्विवाह केला म्हणजे तिचे आडनाव पुष्कळदा बदलते. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे आडनाव मात्र दिवंगत पित्याचेच राहते. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडण्याची वेळ आली की माता संकोचते व मुलाचेच आडनाव बदलून मागते. अशा वेळी शिक्षकांनी तिला धीर देऊन योग्य मार्ग दाखवावा.

पालकत्व आडनावाने नव्हे, नात्याने ठरते. मातेस पालक म्हणून अज्ञान मुलाचे खाते उघडता येते, हे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मधील निर्देशांतही स्पष्ट केले आहे. नात्याचा पुरावा म्हणजे मुलाचा जन्मदाखला. त्यावरील मातेचे पूर्वीचे नाव व आजचे नाव यांची सांगड विवाह नोंदणीच्या दाखल्याने घालावी. जनरल रजिस्टर, आधार व बँकेचे पुस्तक या तिन्हींत मुलाचे नाव अक्षरशः एकच असावे, म्हणजे शिष्यवृत्ती अडत नाही.

पित्याच्या पश्चात मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार मातेचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तो अधिकार तिने विचारपूर्वक वापरावा. केवळ बँकेचा अर्ज भरता यावा म्हणून मुलाने आपले नाव गमावू नये.