नियमांतून घडणारा आशय : भूमिकाखेळाच्या रचनेविषयी

वाङ्मयप्रकारांचा विचार करताना आपण सिद्ध संहिता गृहीत धरतो. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाच्या बाबतीत ही सोय नाही. या खेळात एक जण सूत्रधार होऊन जगाचे व प्रसंगांचे वर्णन करतो. इतर खेळाडू एकेक पात्र स्वीकारून त्याची कृती आणि उक्ती तोंडी सांगतात. कृतीची निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. कथा खेळताखेळताच घडते. मग रचनाकार नेमके काय लिहितो? तो प्रामुख्याने नियम लिहितो, आणि आशयाची घडण त्या नियमांतच होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पटावरील युद्धखेळांतून तो विकसित झाला होता. त्याच्या आरंभीच्या नियमांनुसार पात्राला अनुभवाचे गुण मिळत ते राक्षसांना पराभूत केल्याबद्दल व हस्तगत केलेल्या धनाबद्दल. गुण साठले की सामर्थ्य वाढे. साहजिकच प्रत्येक मंडळाची कथा निराळी असली, तरी भुयारात उतरावे, धन मिळवावे आणि अधिक बलवान होऊन परतावे, हा चढता घाट नियमांनीच सुचविलेला होता.

सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या खेळाची प्रेरणा एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांच्या भयकथांत आहे. येथे पात्राचे मानसिक संतुलन अंकांत मोजले जाते आणि भीषण दर्शनाने ते घटत जाते. याहून अर्थपूर्ण नियम वेगळाच आहे. निषिद्ध रहस्याचे ज्ञान जितके वाढेल तितकी संतुलनाची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. ज्ञान १५ झाले की मर्यादा ८४ उरते. शोध घेणे हे पात्राचे कार्य आणि शोधातच त्याचा ऱ्हास, ही शोकात्म जाणीव एका वजाबाकीत सामावली आहे.

व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) मध्ये दोन फाशांची बेरीज निर्णायक ठरते. दहा वा अधिक आल्यास पूर्ण यश, सात ते नऊ आल्यास बहुधा किंमत मोजून मिळालेले यश, आणि सहा वा कमी आल्यास पुढचा आघात सूत्रधाराच्या हाती. पात्राच्या गुणांची भर वगळली, तर ३६ शक्यतांपैकी पूर्ण यशाच्या ६, मधल्या १५ व अपयशाच्या १५ ठरतात. निर्भेळ यश दुर्मीळ असल्यामुळे प्रत्येक कृतीतून नवा पेच उद्भवतो. कथानक आधी आखून ठेवण्याची गरज राहत नाही.

नियम सर्वस्वी नियामक असतात, असा याचा अर्थ नव्हे. सूत्रधाराची विवेकबुद्धी आणि खेळाडूंची प्रतिभा त्यांना वाकवू शकते. तथापि, अभ्यासकाने अशा खेळाची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : खेळ काय मोजतो? कशाबद्दल फळ देतो? आणि अपयशानंतर काय घडवितो? प्रस्तावनेत करुणेचा उद्घोष असेल आणि नियम केवळ वधाचे फळ देत असतील, तर करुणा अलंकारापुरतीच उरते.

मराठीत असा खेळ रचू पाहणाऱ्यालाही हाच निकष लागू पडतो. भुयाराच्या जागी सह्याद्रीतील गड आणि राक्षसाच्या जागी वेताळ आणल्याने खेळ मराठी होणार नाही. आपल्या अनुभवविश्वात कशाची किंमत कशाने चुकवावी लागते, याचा शोध त्याच्या नियमांत उतरावा लागेल.