खिशातील यंत्र आणि गावचे दप्तर

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत आता एक दृश्य सारखेच आढळते. आठवडी बाजारात भाजीच्या पाटीला टेकवून ठेवलेली काळ्या-पांढऱ्या चौकटींची चिठ्ठी, खामगावच्या बाजारपेठेत बोटाच्या स्पर्शाने चुकती होणारी रक्कम, आणि पऱ्हाटीच्या शेतात फोन समोर धरून उभा असलेला शेतकरी. खरेदी, छायाचित्र आणि शब्द ही तीन कामे पूर्वी दुकानदार, छायाचित्रकार आणि गुरुजी अशा तीन ठिकाणी होत असत. ती आता एकाच यंत्रात आली आहेत. या तिन्हींमध्ये गेल्या काही वर्षांत ज्या नव्या सोयी आल्या, त्यांचा ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या दृष्टीने विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. तिन्हींना सारखीच जागा दिलेली नाही. आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले, तर छायाचित्राचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण त्याचा संबंध थेट सातबाऱ्याशी पोहोचतो.

छायाचित्र झाले दस्तऐवज

गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. बारा नंबरची नोंद ही पिढ्यानपिढ्या तलाठ्याच्या लेखणीतून होत आली. त्याने शिवारात जावे, पीक पाहावे, पेरा लिहावा अशी अपेक्षा असे. अनेक गावांचा कारभार एकाच्या खांद्यावर असल्यामुळे मागील वर्षाचाच पेरा पुढे चालू ठेवल्याच्या तक्रारीही होत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि ही नोंद करण्याचे काम खातेदाराच्या हाती आले. आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे, पिकाचे नाव, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरावयाचे, आणि नोंद पाठवावयाची, अशी ही पद्धत आहे. (तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले. शिवारात अद्याप जुनेच नाव चालते, हे सांगावयास नको.)

येथे वर्गात समजावून सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. हे छायाचित्र नुसते चित्र नसते. त्याच्याबरोबर वेळ आणि स्थान यांची नोंद जाते. स्थान कसे कळते? आकाशातील उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवीत असतात. फोन किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो आणि प्रत्येक संकेत येण्यास किती वेळ लागला, यावरून आपले अंतर काढतो. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संकेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे तीनशे मीटर अंतर कापतो. यावरून मोजमाप किती सूक्ष्म असावे लागते, याची कल्पना येईल. उघड्या आकाशाखाली काही मीटरची चूक राहते, दाट झाडाखाली ती वाढते. म्हणून आंब्याच्या सावलीत उभे राहून फोटो घेऊ नये, गटाच्या मध्याकडे मोकळ्या जागी जावे. दुसरे असे की, उपग्रहांचे संकेत ऐकण्यास इंटरनेट लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या ज्या भागात मनोऱ्याची लहर क्षीण असते, तेथेही स्थान कळते. लहर लागते ती नोंद पाठविण्यासाठी.

ॲपमध्ये वर्षागणिक सुधारणा होत गेल्या. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आपण गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहोत, हे दिसू लागले. नोंद चुकल्यास ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय झाली. शेतकऱ्याने स्वतः केलेली नोंद ग्राह्य धरून त्यांपैकी दहा टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी, असे ठरले. गावातील कोणत्या खातेदाराची पाहणी झाली, हे इतरांनाही पाहता येऊ लागले. या शेवटच्या सोयीचे महत्त्व पंचायत सदस्यांनी विशेष ओळखावे. २०२४ पासून हे काम केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडण्यात आले. आता गावनकाशातील गटाची हद्द आणि फोनचे स्थान यांचा मेळ घातला जातो, आणि शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी गावपातळीवरील सहायक करतात.

नोंद राहिली तर काय होते, याचा अनुभव २०२४ मध्ये कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना आला. खरीप २०२३ मधील घसरलेल्या भावांमुळे या दोन पिकांसाठी शासनाने अर्थसाहाय्य जाहीर केले. वीस गुंठ्यांपर्यंत म्हणजे ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट एक हजार रुपये, आणि त्यावरील क्षेत्रास हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. लाभार्थी ठरविण्याचा आधार ई-पीक पाहणीची नोंद हा होता. आपला जिल्हा मुख्यतः याच दोन पिकांचा. ज्यांनी पेरले, वेचले, विकले, पण फोटो काढला नाही, असे शेतकरी यादीबाहेर राहिले. राज्यभरातून ओरड झाल्यावर ही अट शिथिल करून सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरण्याचा निर्णय घेण्यात आला. शासनाने चूक सुधारली हे चांगलेच झाले. परंतु प्रत्येक योजनेत अशी सवलत मिळेलच, असे गृहीत धरता येणार नाही.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. दोन हेक्टरचा गट आहे. सोयाबीनच्या सहा ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी आहेत. ओळींमधील अंतर सारखे धरल्यास आठ ओळींपैकी सहा म्हणजे तीन चतुर्थांश क्षेत्र सोयाबीनचे, उरलेले एक चतुर्थांश तुरीचे. अर्थात १.५० हेक्टर सोयाबीन आणि ०.५० हेक्टर तूर. शेतकऱ्याने घाईत ‘तूर, दोन हेक्टर’ एवढेच भरले, तर वरील दराने मिळणारे साडेसात हजार रुपये शून्यावर येतात. ‘सोयाबीन, दोन हेक्टर’ भरले, तर तुरीची शासकीय खरेदी सुरू होईल तेव्हा सातबाऱ्यावर तूरच नसेल. सातवीच्या विद्यार्थ्यास येणारे हे गणित आहे. तो विद्यार्थी वडिलांबरोबर शेतात गेला, तर पाठ्यपुस्तकातील अपूर्णांकांचा त्याला निराळाच अर्थ कळेल. पोटखराबा, चालू पड, विहीर, बांधावरील (वऱ्हाडात म्हणावयाचे तर धुऱ्यावरील) झाडे यांचीही नोंद याच ॲपमध्ये होते. ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते.

एक प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ मध्ये आली. अनेक गटांवर आता स्त्रियांची नावे आहेत, पण घरातील एकुलता स्मार्टफोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. मुलगा पुण्यास आणि फोन त्याच्याबरोबर, अशीही घरे आहेत. एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते, हे अशा वेळी उपयोगी पडते. गावातील बचतगटाच्या दोन भगिनी किंवा रोजगार सेवक यांनी ठरवून दिवस दिला, तर मुदतीच्या अखेरच्या रात्री होणारी धावपळ टळेल. ग्रामसभेत पाहणी झालेल्या खातेदारांची यादी वाचावी. न झालेल्यांमध्ये विधवा, वृद्ध आणि परगावी गेलेले किती, एवढे मोजले तरी काम कोठे अडले आहे, हे समजते.

छायाचित्र ओळखणारे यंत्र

फोन चित्र केवळ साठवीत नाही, ते वाचूही लागला आहे. पानावरील डाग किंवा बोंडातील अळी यांचे चित्र देऊन किडीचे नाव सुचविणारी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भाचे जे नुकसान केले, ते आठवले की या सोयीचे मोल पटते. तथापि यंत्राचे उत्तर हे अनुमान असते. अन्नद्रव्याच्या कमतरतेने लाल पडलेले पान आणि किडीने लाल पडलेले पान यांत ते फसू शकते. फवारणीपूर्वी कृषी सहायकास विचारावेच.

चित्र आणि कारण यांतील अंतर लोणारने सर्वांना दाखविले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याची छायाचित्रे पाहता पाहता जगभर गेली, आणि त्याबरोबर नाना तर्कही. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आल्याचे स्पष्ट झाले. फोनने काय घडले ते दाखविले होते. का घडले, हे कळण्यास बाटलीभर पाणी लागले.

खरेदी

खरेदीविषयी थोडक्यात. युपीआय ही देयकपद्धती २०१६ मध्ये आली. साध्या, बटणांच्या फोनवरूनही तिचा वापर करण्याची सोय मार्च २०२२ मध्ये झाली. एकच नियम गावोगावी भिंतीवर लिहावा असा आहे : पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. व्यक्तीने व्यक्तीकडे ‘रक्कम मागणी’ पाठविण्याची सोय फसवणुकीमुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी ती थोपविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाजेपोटी दोन दिवस घरी बसणारा मनुष्य ती संधी गमावतो.

खरेदीच्या ॲपमध्ये चित्र दाखवून वस्तू शोधण्याची, बोलून मागणी नोंदविण्याची सोय आली आहे. तिच्याबरोबर काही क्लृप्त्याही आल्या आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न मागता घातलेली वस्तू, अखेरच्या क्षणी वाढणारे शुल्क. अशा तेरा प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे.

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा परिसर शेडनेटमधील बीजोत्पादनासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून बियाण्याचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. बियाण्याचा माग काढण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘साथी’ ही प्रणाली सुरू केली. तिच्यातील पिशवीवरील संकेत फोनने वाचला की बियाणे कोठून आले, हे पाहता येते. मात्र पक्के बिल आणि पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवण्याची जुनी सवय सोडू नये. उगवण झाली नाही तर तपासणी समितीपुढे तीच कामी येते.

शब्द

राज्यात भाषा संचालनालयाची स्थापना ६ जुलै १९६० रोजी झाली. पदनामांचे, शास्त्रांचे, प्रशासनाचे जे कोश संचालनालयाने सिद्ध केले, ते पूर्वी कचेरीच्या कपाटात असत. आता ते संकेतस्थळावर आणि फोनवर शोधता येतात. केंद्राच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाने २०२२ पासून बोललेले लिहून घेण्याची आणि एका भारतीय भाषेतून दुसरीत नेण्याची सोय उपलब्ध केली. वाचता न येणाऱ्या खातेदाराला आदेश मराठीतून मोठ्याने वाचून दाखविणारा फोन ही लहान गोष्ट नव्हे.

पण यंत्राची मराठी कोणाची? पश्चिम महाराष्ट्रातील कोळपणी आपल्याकडे डवरणी होते. बांध हा धुरा होतो. कपाशीचे झाड पऱ्हाटी होते. यंत्राला जे शिकविले तेच ते ओळखते, आणि वऱ्हाडी बोलीतील लिखित मजकूर तुलनेने थोडा आहे. ‘धुऱ्यावरचं झाड’ म्हटल्यावर ते ‘धुरावरचं’ लिहून बसले, तर दोष बोलणाऱ्याचा नाही. लिहिलेले पाठविण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे.

याहून गंभीर स्थिती जळगाव जामोद तालुक्यातील निहाली भाषेची आहे. सातपुड्यालगतच्या काही गावांत ही भाषा बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते, आणि युनेस्कोने तिचा समावेश संकटग्रस्त भाषांत केला आहे. तिच्यात शेजारच्या कोरकूतून, मराठीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत. दोन, तीन, चार हे अंक द्रविड भाषांशी जुळतात. चारला निहालीत ‘नालो’ म्हणतात. तरीही तिचा मूळ गाभा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हापासून जगभरचे अभ्यासक या कोड्याकडे पाहत आले आहेत. आपल्याच जिल्ह्यातील शिक्षकांना मात्र तिचे नाव क्वचितच माहीत असते.

अशा भाषेसाठी तयार शब्दसंग्रहाचे ॲप मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा फोनमधील ध्वनिमुद्रण आणि कॅमेरा यांनी सुरुवात करणे शक्य आहे. त्या गावांतील शाळांनी एक पद्धत ठरवावी. घरातील आजी-आजोबांची संमती प्रथम घ्यावी. एका बैठकीत वीसच शब्द घ्यावेत : शरीराचे अवयव, नाती, धान्ये, पाखरे. वस्तूचे छायाचित्र काढावे, शब्द तीन वेळा म्हणवून घ्यावा, नंतर तो एका वाक्यात घालून बोलावयास सांगावे. पंखा, रेडिओ बंद ठेवावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. मुलांनी शब्द देवनागरीत लिहावा, पण लेखन शंकास्पद वाटल्यास ध्वनी हाच पुरावा मानावा. बोलणाऱ्याचे नाव त्याला हवे असेल तरच लिहावे, गावाचे नाव आणि दिनांक मात्र प्रत्येक नोंदीस जोडावा. मुद्रणाची एक प्रत शाळेत आणि एक त्या कुटुंबाकडे द्यावी, कारण शब्द त्यांचे आहेत.